गोळीला नाव असतं

(कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेलं भाषण)



मला विषय दिला होता ‘मानसिक ताण आणि औषधं’. पण मी डॉक्टर नाही, समाजकार्य शिकलेली आहे. त्यामुळे औषधांपेक्षा औषधांच्या शब्दांबद्दल बोलते. सल्ला केंद्रात आपल्यासमोर शब्दच येतात.

एक बाई आमच्याकडे यायच्या. मार, संशय, माहेरी जाऊ न देणं. तिसऱ्या भेटीत म्हणाल्या, “आता बरंय ताई. शांत व्हायची गोळी चालू केलीय.” कोणती? “ह्यांनी आणलीय. पांढरी, बारीक.” पुढच्या वेळी पदराच्या गाठीतून चार गोळ्या आणल्या. कापलेली स्ट्रिप, नाव छापलेला तुकडा दुसऱ्याच कुणाच्या घरी गेलेला. बाई दिवसभर पेंगायच्या, भाजी करपायची, त्यावरून पुन्हा मार. सहा महिन्यांनी नवऱ्याने घटस्फोटाचा अर्ज केला. कारण काय, तर बायकोचं डोकं ठिकाणावर नाही, तिला गोळ्या चालू आहेत. गोळी आणणारा तोच, तिचा पुरावा करणाराही तोच.

‘शांत व्हायची गोळी’ हा शब्द मी तेव्हा पहिल्यांदा नीट ऐकला. शांत कोण झालं? घर शांत झालं. बाईंचं दुखणं होतं तिथेच होतं.

आपल्या बोलण्यात ही सगळी औषधं एका गाठोड्यात असतात. ‘डोक्याची गोळी’ म्हणजे डोकं दुखतं त्याची, की डोकं बिघडलं म्हणतात त्याची? पॅरासिटामॉल वेदना कमी करतं. डायझेपाम, अल्प्राझोलाम भीती-घालमेल कमी करतात, झोप आणतात. पण ठेच लागलेला अंगठा त्यांनी थांबत नाही, मार तर नाहीच. भूल ही आणखी वेगळी, ती शस्त्रक्रियेपुरती. आपण मात्र या सगळ्याला ‘गुंगीचं औषध’ म्हणून मोकळ्या होतो. ‘अमली’ या शब्दात ‘अंमल’ आहे, हे तुमच्या लक्षात आलंय का? राज्याचा अंमल आणि नशेचा अंमल, मराठीला एकच शब्द पुरला. कुणीतरी कुणावर चालवतं तो अंमल.

गोड नावांची तर जुनीच खोड. मुंबईच्या गिरण्यांतल्या कामगार बायकांची १९२०च्या दशकात पाहणी झाली, तेव्हा त्यांच्या तान्ह्या मुलांना सर्रास अफू दिली जाते असं आढळलं. त्या अफूच्या गोळीचं नाव बाळगोळी. आई दिवसभर गिरणीत, मूल खोलीत. पाळणाघराचं काम गोळी करत होती. आणि हे फक्त आपल्याकडेच नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मनीत फ्रायबुर्गला बाळंतिणींना मॉर्फिन आणि स्कोपोलामिन टोचत. नाव काय, तर ‘संधिप्रकाशातली झोप’. प्रत्यक्षात बाई ओरडायची, तडफडायची, पुढे कित्येक ठिकाणी हातपायही बांधायचे. शुद्धीवर आल्यावर तिला काही आठवायचं नाही. वेदना गेली नव्हती, तिची आठवण गेली होती. आणि अमेरिकेत हे मिळावं म्हणून १९१४ साली बायकांनीच संघटना काढली. मी त्यांना हसत नाही. ‘कळा सोसायच्याच’ असं ऐकत आलेल्या बाईने हाताला लागेल ते मागितलं.

ते वाक्य आपल्या प्रसूतिगृहांत आजही ऐकू येतं. तिथे एक शब्द आहे, ‘कळांचं इंजेक्शन’. कितीतरी बायकांना वाटतं, याने कळा कमी होतील. ते ऑक्सिटोसिन असतं, कळा वाढवणारं! कळा सुसह्य करणारं, कमरेतून देतात ते एपिड्युरल वेगळं. एक प्रत्यय चुकला आणि बाईने उलट्याच गोष्टीला मान डोलावली. याला संमती म्हणायचं का?

मी गोळ्यांच्या विरोधात आहे असं मात्र समजू नका. शब्दाची भीतीही तितकीच छळते. १९८५च्या कायद्याचं मराठी नाव ‘गुंगीकारक औषधी द्रव्ये’ असं सुरू होतं, आणि मॉर्फिन त्यातच येतं. परवान्यांच्या जंजाळात कॅन्सरच्या रुग्णांना ते मिळेनासं झालं. २०१४मध्ये कायदा दुरुस्त करून वाट थोडी मोकळी केली. तरी घरचे म्हणतात, “नको, सवय लागेल.” शेवटचे दिवस मोजणाऱ्या बाईला सवयीची भीती घालायची, आणि धडधाकट बाईला महिनोन् महिने झोपेची गोळी चारायची, हे एकाच गल्लीत चालतं.

म्हणून बाईला प्रश्न विचारताना “गोळ्या घेता का?” एवढ्यावर थांबू नका. नाव काय, कुणी लिहून दिली, आणतं कोण, केव्हापासून, हेही विचारा. आणि कळवळ्याने “टाकून द्या त्या” असं मुळीच म्हणू नका. बरेच दिवस चालू असलेलं डायझेपाम एकदम बंद केलं तर झोप उडते, हात कापतात, फिटसुद्धा येऊ शकते. डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू कमी करायची. डायझेपाम, अल्प्राझोलाम, नायट्राझेपाम यांच्या वेष्टनावर लाल चौकटीतली सूचना असते. २०१४पासून मेडिकलवाल्याला अशा औषधांची वेगळी वही ठेवावी लागते. रुग्णाचं नाव, डॉक्टरचं नाव, किती गोळ्या, सगळं त्यात. ती तीन वर्षं जपायची. आणि २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं तिसरं कलम पाठ करा. नुसता मानसिक आजार ठरला म्हणून माणूस वेडा ठरत नाही. ते न्यायालयाने जाहीर करावं लागतं.

त्या बाईंच्या खटल्यात आमच्या वकीलताईंनी नवऱ्याला दोनच प्रश्न विचारले. गोळीचं नाव काय, आणि ती लिहून देणाऱ्या डॉक्टरांचं नाव काय. पहिल्याला तो म्हणाला, “शांत व्हायची.” दुसऱ्याला काहीच बोलला नाही. मेडिकलच्या वहीतही बाईंचं नाव निघालं नाही.