मांजराची धाप आणि घरची शुश्रूषा
(मंडळाच्या मासिक सभेत केलेले भाषण)



आपल्या सभेत आजवर लोणची, भरतकाम, मुलांचे संगोपन, घरखर्चाची बचत अशा विषयांवर बोलणे झाले. आज मांजराच्या दुखण्यावर भाषण आहे असे फळ्यावर वाचून मागच्या रांगेत थोडे हसू उमटले, ते मी ऐकले. हसायला माझी हरकत नाही. पण हा विषय का निघाला ते आधी सांगते.

गेल्या पावसाळ्यात आपल्याच वाडीतल्या एका घरचा बोका दोन दिवसांत गेला. त्याला सर्दी झाली होती, धाप लागत होती. घरात माणसांना तापावर जी पॅरासिटामॉलची गोळी देतो, तीच अर्धी करून त्याला चारली. दिली ती मायेनेच. पण ती गोळी मांजराला विष आहे. त्या घरच्या वहिनींनीच मला सांगितले, "हे तुम्ही सभेत बोला. आमच्या घरी झाले ते दुसऱ्याच्या घरी नको." त्यांच्या ह्या मोठ्या मनामुळे मी आज इथे उभी आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पण आमच्या सोनीला दमा आहे, आणि गेली चार वर्षे तिचे करताना डॉक्टरांनी जे समजावले व हाताने जे केले, तेवढेच मी सांगणार आहे.

पहिली गोष्ट ही की, मांजर आपले दुखणे कळू देत नाही. मूल रडते, कुत्रे केकाटते. मांजर मात्र ताकास तूर लागू देत नाही. कपाटाखाली, कॉटखाली कोपऱ्यात जाऊन बसते आणि आपण म्हणतो, "आज किती शांत आहे!" म्हणून त्याच्याकडे बघण्याची सवय हवी. पुढचे पाय फाकवून, मान लांब करून बसले, श्वासाबरोबर पोटही भात्यासारखे हलू लागले, किंवा जेवण्यासाठी वाटीशी येऊन न खाता परत फिरले, तर ते ओळखावे. आणि तोंड उघडे टाकून कुत्र्यासारखे धापा टाकू लागले तर घड्याळही बघू नये, सरळ डॉक्टर गाठावा. कुत्र्याने जीभ काढून धापणे हे नेहमीचे. मांजराने तसे करणे हे संकट समजावे.

दुसरी गोष्ट श्वास मोजण्याची. ही प्रत्येकीला येण्याजोगी आहे आणि हिला एक पैसाही पडत नाही. मांजर गाढ झोपले असताना त्याच्या बरगड्यांकडे पाहावे. छाती वर जाऊन खाली आली की एक श्वास. घड्याळ लावून अर्धा मिनिट मोजावे आणि त्याची दुप्पट करावी. निरोगी मांजराचे झोपेतले श्वास मिनिटाला साधारण १५ ते ३० असतात. ते गुरगुरत असताना, खेळून आल्यावर किंवा उन्हातून आल्यावर मोजू नये, आकडा चुकतो. दोन-तीनदा मोजूनही ३० च्या वर येत असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे. ४० च्या वर जाऊन ओढ दिसत असेल तर सकाळची वाट पाहू नये. मी दुधाच्या हिशेबाच्या कॅलेंडरवरच सोनीचा आकडा लिहिते. दुधाचा लिटर वरच्या कोपऱ्यात, सोनीचे श्वास खालच्या कोपऱ्यात. डॉक्टरांना हे कॅलेंडर माझ्या सांगण्यापेक्षा अधिक उपयोगी पडते.

धाप लागली म्हणजे एकच रोग असे नाही. पिलांना आणि लस न टोचलेल्या मांजरांना सर्दीचा रोग होतो. त्यात शिंका, नाक वाहणे, डोळे चिकटणे, तोंडात फोड येणे असे प्रकार असतात. काहींना दमा असतो. काहींचे हृदय दुबळे होते, काहींच्या छातीत पाणी साठते. बाहेरून पाहता सगळ्यांचा श्वास सारखाच जड दिसतो, पण औषध निरनिराळे. छातीत साठलेले पाणी डॉक्टर सुईने काढतात. ते दम्याच्या औषधाने कसे जाईल? म्हणून शेजारणीच्या मांजराला लागू पडलेले औषध आपल्या मांजराला कधीही देऊ नये. निदान डॉक्टरांचे, शुश्रूषा आपली, एवढी वाटणी पक्की ठेवावी.

सोनीचे झाले ते असे. ती अंग जमिनीशी चेपून, मान पुढे काढून खोकायची. वाडीत सगळ्यांचे मत पडले की, अंग चाटताना पोटात केस गेले असतील, गोळा अडकला असेल. पण मी आठवडाभर पाहत होते. खोकून कधी केसांचा गोळा पडला नाही, काहीच पडले नाही. माझ्या मुलाने तो खोकला मोबाइलवर टिपून ठेवला. हे फार कामी आले, कारण दवाखान्यात गेल्यावर कुठलेही मांजर खोकून दाखवीत नाही! आम्ही तिला परळला नेले. तिथले बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय १८८३ सालापासून जनावरांची सेवा करीत आहे. लोक त्याला बैलघोडा हॉस्पिटल म्हणतात, पण नावावर जाऊ नका, तिथे मांजरेही तपासतात. त्याच्या जोडीने १८८६ साली निघालेले पशुवैद्यक महाविद्यालयही परळलाच आहे. छातीचा फोटो काढला, खोकल्याचे चित्र पाहिले, आणि दमा असल्याचे सांगण्यात आले.

दमा मुळातून जात नाही, पण आवरता येतो. सोनीला रोज दोन वेळा पंपाचे औषध असते, माणसांच्या दम्याला असते तशाच जातीचे. तान्ह्या बाळांना पंप देताना जी नळी आणि तोंडावरचा मास्क वापरतात, तसल्या नळीतूनच द्यायचे. पण पहिल्याच दिवशी मास्क तोंडावर दाबला तर मांजर जन्मभर जवळ येणार नाही. आम्ही आधी चार दिवस नुसता मास्क जमिनीवर ठेवून त्याच्याशेजारी मासळीचा तुकडा ठेवला. मग नाकाला हलकेच लावायचा आणि तुकडा द्यायचा. मग औषधाशिवाय नळी लावायची. आठवड्याने पंप दाबला. पंप आधी हलवायचा, नळीत एकदा दाबायचा आणि सात ते दहा श्वास होईपर्यंत मास्क धरून ठेवायचा. आता सोनी सकाळच्या चहाच्या वेळी आपण होऊन माझ्या मांडीवर येऊन बसते.

ह्या औषधाचा गुण यायला आठवडा-दोन आठवडे लागतात. तोवर डॉक्टर पोटातले औषधही देतात. बरे वाटले म्हणून आपल्या मनाने औषध बंद करू नये. झटका आला असता द्यायचा पंप वेगळा असतो. तो किती वेळा, केव्हा, हे लिहून घ्यावे आणि दोन्ही पंपांवर मोठ्या अक्षरात चिठ्ठी चिकटवावी. आमच्या घरी एकावर "रोज" आणि एकावर "झटका" असे लिहिले आहे. सासूबाईंनाही चष्म्याशिवाय वाचता येते.

औषधाइतकीच हवा महत्त्वाची, आणि ती आपल्या हातात आहे. उदबत्ती, धूप, कापूर, डासांची कॉइल, विडी-सिगारेट आणि फोडणीचा खाट, हे सगळे दमेकरी मांजराला बाधते. देवाला उदबत्ती लावू नका असे मी म्हणत नाही. आमच्या घरी आता समईच लावतो आणि उदबत्ती बाहेरच्या तुळशीत. डासांसाठी खिडकीला जाळी आणि अंथरुणाला मच्छरदाणी. मिरच्यांची फोडणी द्यायची असली की सोनी आतल्या खोलीत आणि मधले दार बंद. केर काढताना तिला बाजूला ठेवते आणि लादी ओल्या फडक्याने पुसते. पुसण्याच्या पाण्यात फिनेल घालत नाही. ते पायांना लागते, मांजर पाय चाटते आणि विष पोटात जाते. तिच्या घाणीच्या खोक्यात धुळीची माती न घालता कागदाचे कपटे घालते. आणि मांजर लठ्ठ होऊ देऊ नये. लठ्ठ मांजराला श्वास घ्यायला अधिक कष्ट पडतात.

आता सर्दीच्या रोगाचे. नाक चोंदले की मांजराला वास येत नाही, आणि वास आला नाही की ते खात नाही. म्हणून उकळून कोमट केलेल्या पाण्यात कापूस भिजवून नाक-डोळे हळूच पुसावेत, प्रत्येक डोळ्याला वेगळा कापूस घ्यावा. मासळी किंवा कोंबडी नुसती उकडून, काटे-हाडे काढून, कोमट करून द्यावी, म्हणजे वास सुटतो. त्यात कांदा-लसूण मुळीच नको, ते मांजराच्या रक्ताला मारक आहेत. न्हाणीघरात कढत पाण्याची बादली ठेवून, दार लावून, मांजराला घेऊन दहा मिनिटे बसले तर नाक मोकळे होते. पण बादलीपासून ते दूर असावे, पाण्यात काही घालू नये, आणि धाप लागलेल्या किंवा दमेकरी मांजराला हा उपाय करू नये. पूर्ण एक दिवस काही खाल्ले नाही तर डॉक्टरांना सांगावे, कारण दोन-तीन दिवसांच्या उपासाने मांजराचे यकृत बिघडते. डॉक्टरांनी गोळी दिली तर तिच्यामागे थोडे पाणी किंवा ओला घास जावा. काही गोळ्या कोरड्या अडकून घसा भाजतात. घरातली दुसरी मांजरे वेगळी ठेवावीत. ही सर्दी माणसांना लागत नाही, पण मांजराला मांजराकडून चटकन लागते. पिलू सहा ते आठ आठवड्यांचे झाले की लस सुरू करावी, म्हणजे पुढचा बराच त्रास वाचतो.

आता न करण्याच्या गोष्टी. माणसांच्या तापाची, अंगदुखीची गोळी देऊ नये. पॅरासिटामॉल पचविण्याची शक्ती मांजराच्या यकृताला नाही. रक्त तपकिरी पडते आणि त्याला प्राणवायू वाहून नेता येत नाही. आधीच धापणाऱ्या जिवाचा उरलासुरला श्वासही तुटतो. छातीला बाम, नीलगिरीचे तेल, कापूर चोळू नये. मांजर ते चाटून पोटात घेते. आणि धाप लागली असता तोंडात हळदीचे दूध, मध, काढा, पाणीसुद्धा चमच्याने ओतू नये. ते श्वासनलिकेत जाते. आपल्या आजीने बाळांना जे केले ते बाळांना लागू होते. मांजराचे शरीर निराळे आहे.

झटका आला तर काय करावे? गर्दी हटवावी. खिडकी उघडावी, मुलांना बाहेर पाठवावे, मोठ्याने बोलू नये. मांजराला उलथेपालथे करू नये, कवटाळू नये. ते ज्या बाजूने बसेल तसे बसू द्यावे. डॉक्टरांनी झटक्याचा पंप दिला असेल तर तो द्यावा. हवा खेळेल अशा टोपलीत ठेवून, वर पातळ कापड टाकून निघावे आणि निघतानाच दवाखान्याला फोन करावा, म्हणजे प्राणवायू तयार राहतो. हिरड्या निळसर किंवा पांढऱ्या पडल्या असतील तर क्षणही दवडू नये. ही टोपली आयत्या वेळी माळ्यावर शोधायची वेळ येऊ नये. आमची टोपली दाराशी उघडी असते. सोनी दुपारी तिच्यातच झोपते, म्हणून तिला टोपलीचे भय वाटत नाही.

शेवटी खर्चाचे बोलते, कारण तो प्रश्न प्रत्येकीच्या मनात असतो. आमच्याही घरी निघाला होता. एका पगाराचे घर, दोन शिकणारी मुले, आणि मांजराला महिन्याचे औषध? मी घरात एवढेच म्हटले की, आपण तिला दाराशी दूध ठेवून जवळ बोलावले. आता तिचा श्वास जड झाला म्हणून दार लावून घ्यायचे का? माझ्या दोन साड्या कमी झाल्या, मुलांनी वाढदिवसाचे खाऊचे पैसे दिले, आणि सासूबाईंनी, ज्यांना मांजर मुळीच आवडत नसे, आपल्या बटव्यातून पहिल्या पंपाचे पैसे काढून दिले. ज्यांना नेहमीचा खर्च झेपणार नाही, त्यांनी डॉक्टरांना तसे मोकळेपणी सांगावे. स्वस्तातली औषधेही असतात. लाजून औषध अर्धवट सोडण्यापेक्षा ते बरे.

वाडीतल्या सर्व भगिनींना माझी तीन मागणी आहेत. आज रात्री आपापल्या झोपलेल्या मांजराचे श्वास एकदा मोजून पाहा, म्हणजे त्याचा नेहमीचा आकडा ठाऊक होईल. जवळच्या पशुवैद्याचा आणि रात्री उघड्या असणाऱ्या दवाखान्याचा फोन नंबर दारामागे लिहून ठेवा. आणि सामाईक गॅलरीत धूर करण्याआधी शेजारी कुणी दमेकरी आहे का, मांजर असो, म्हातारे माणूस असो की लहान मूल, एवढे विचारा. गेल्या दिवाळीत आपल्या मजल्यावरच्या मुलांनी फटाके खालच्या मैदानात नेऊन उडवले, त्याबद्दल मी त्यांचे सर्वांसमोर आभार मानते.

 ज्या वहिनींनी आपले दुःख इतरांच्या उपयोगी पडावे म्हणून मला बोलायला लावले, त्यांना नमस्कार करून मी माझे दोन शब्द संपवते.