प्रवेश दिला, पुढे काय?

(शिक्षणसंस्थांचे संचालक, मुख्याध्यापक, शिक्षक व शिक्षकेतर कर्मचारी यांच्या एकत्रित अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन)



आरंभीच एक विनंती करते. सभागृहाच्या शेवटच्या रांगेत सेवक आणि सेविका बसलेल्या दिसतात. त्यांनी कृपया पुढे येऊन बसावे. आजचा विषय जितका शिक्षकांचा आहे, तितकाच, किंबहुना कणभर अधिक, त्यांचा आहे.

दिव्यांग विद्यार्थ्यांना सर्वसाधारण शाळेत सामावून घेण्यासाठी कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण, असा विषय पत्रिकेत छापला आहे. अशा वर्गात ‘कर्मचारी’ याचा अर्थ बहुधा ‘शिक्षक’ एवढाच घेतला जातो. परंतु चाकाच्या खुर्चीवरून येणाऱ्या मुलाची शाळेशी पहिली गाठ पडते ती फाटकावर, आणि तेथे शिपाई उभा असतो. मधल्या सुट्टीत त्याला प्रसाधनगृहापर्यंत नेणारी सेविका असते. परीक्षेतील सवलतीचा अर्ज वेळेत पाठविणारा किंवा टेबलाच्या खणात विसरणारा लिपिक असतो. यांपैकी एकाने जरी पाठ फिरविली, तरी वर्गातील उत्तम शिक्षकाचे श्रम निम्म्यावर येतात.

कायद्याविषयी थोडक्यात सांगते, कारण कायदा बहुतेकांनी वाचलेला आहे. अपंग मुलांच्या एकात्मिक शिक्षणाची केंद्राची योजना 1974 सालची. त्यानंतर 1995 चा कायदा आला, 2009 मध्ये शिक्षणहक्क कायदा आला, आणि 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने अपंगत्वाचे प्रकार सातावरून एकवीसवर नेले. या कायद्याचे सोळावे कलम शाळेवर स्पष्ट दायित्व टाकते : भेदभाव न करता प्रवेश द्यायचा, इमारत वापरण्याजोगी करायची, मुलाच्या गरजेप्रमाणे सोय करायची आणि अध्ययन अक्षमता लवकरात लवकर ओळखायची. सतरावे कलम शिक्षकांच्या व कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणाविषयी बोलते. 2011 च्या जनगणनेत देशात 2 कोटी 68 लाख आणि आपल्या महाराष्ट्रात 29 लाख 63 हजार दिव्यांगांची नोंद झाली. त्या गणनेत अध्ययन अक्षमतेला स्वतंत्र रकानाच नव्हता. म्हणजे ज्या मुलांना आपण ‘लक्ष नाही’, ‘आळशी आहे’ म्हणून मागच्या बाकावर बसवितो, ती या आकड्यात आलेलीच नाहीत.

फाटकाबाहेरची आई

प्रवेश नाकारणारी शाळा आता सहसा सापडत नाही. सापडते ती प्रवेश देऊन हात झटकणारी. अशा कितीतरी शाळांच्या फाटकाबाहेर, झाडाखाली किंवा पायरीवर बसलेली एखादी आई मी पाहिली आहे. सकाळी मुलाला सोडायचे आणि घरी न जाता तेथेच थांबायचे. अकरा वाजता आत जाऊन त्याला शौचालयात न्यायचे, डबा भरवायचा, पुन्हा बाहेर येऊन बसायचे. वर्षानुवर्षे. शाळेच्या अहवालात तो मुलगा ‘समाविष्ट’ म्हणून नोंदलेला असतो. त्याच्या आईची नोंद कोणत्याच रकान्यात नसते. तिचे घर, तिची नोकरी, तिचे दुसरे मूल, सारे त्या पायरीवर थांबलेले असते. मुख्याध्यापकांना विचारले तर उत्तर मिळते, “आम्ही कुठे नाही म्हणतो? पण आमच्या सेविकांना याची सवय नाही.” सवय नाही, हे खरेच आहे. सवय शिकवावी लागते, आणि ती शिकविण्याचे दायित्व संस्थेचे आहे.

येथे आपल्याच घराविषयी काही बोलणे आवश्यक वाटते. सेवाकार्य हा आपल्या विचारपरिवाराचा श्वास आहे. 2008 साली नागपुरात ‘सक्षम’चे काम उभे राहिले, ते दिव्यांगांच्या सर्वांगीण विकासाचे उद्दिष्ट समोर ठेवूनच. तथापि आपल्या पुष्कळ शाळांत दिव्यांगांशी येणारा संबंध वर्षातून एका दिवसाचा असतो. 3 डिसेंबरला जवळच्या विशेष शाळेत जायचे, फळे वाटायची, छायाचित्र काढायचे. तीच मुले जूनमध्ये आपल्या दाराशी प्रवेशासाठी आली की दहावीचा शंभर टक्के निकाल आठवू लागतो. मग ‘त्याच्याच हितासाठी’ असे म्हणून त्याला दुसरी शाळा सुचविली जाते. 2015 च्या अखेरीस पंतप्रधानांनी ‘दिव्यांग’ हा शब्द सुचविला. तो आपण उत्साहाने स्वीकारला. आता या शब्दाला साजेशी व्यवस्थाही लावावी लागेल.

काही जण पूर्वकर्माचा दाखला देतात. कर्मसिद्धान्त ज्याने त्याने स्वतःच्या आचरणासाठी वापरावा. दुसऱ्याच्या लेकराच्या वाटेत धोंडा म्हणून वापरू नये. आपल्या विदर्भातील गुलाबराव महाराजांचे उदाहरण पाहा. 1881 चा जन्म, वर्षाच्या आतच दृष्टी गेली. औपचारिक शिक्षण नाही, आणि अवघ्या चौतीस वर्षांच्या आयुष्यात शंभराहून अधिक ग्रंथरचना. आपण त्यांना प्रज्ञाचक्षू म्हणतो आणि नमस्कार करून मोकळे होतो. परंतु त्यांना ग्रंथ वाचून दाखविणारी माणसे होती, त्यांनी सांगितलेले लिहून घेणारी माणसे होती, याकडे आपले लक्ष जात नाही. प्रज्ञा त्यांची स्वतःची होती; तिला वाट मिळाली ती भोवतालच्या माणसांमुळे. आज कायदा ज्याला वाचक आणि लेखनिक म्हणतो, ते काम त्या काळी आपल्या खेड्यातील माणसे जिव्हाळ्यापोटी करीत होती.

शिकवायचे ते काय?

प्रशिक्षण म्हटले की शिक्षकांना वाटते, आता ब्रेल शिकावी लागणार, सांकेतिक भाषा शिकावी लागणार. ज्याला शक्य आहे त्याने अवश्य शिकावी. परंतु प्रारंभ याहून पुष्कळ साध्या गोष्टींपासून होतो.

श्रवणयंत्र लावणाऱ्या मुलाचे पाहा. शिक्षक फळ्याकडे तोंड करून बोलले की त्याचा अर्धा तास वाया जातो, कारण तो ओठही वाचत असतो. शिक्षक खिडकीला पाठ करून उभे राहिले, तर मागच्या उजेडामुळे त्यांचा चेहरा काळोखात जातो. श्रवणयंत्र शिक्षकांचा आवाज मोठा करते, तसा बाक सरकविल्याचा, पंख्याचा, शेजारच्या वर्गातील पाढ्यांचाही करते. म्हणून त्याला पंख्याच्या आवाजापासून दूर, दुसऱ्या रांगेत कडेला बसवावे. तेथून त्याला शिक्षक दिसतात आणि प्रश्नाचे उत्तर देणारा वर्गमित्रही दिसतो. यंत्र बंद पडले आहे का, हे पाहायला शिक्षकाला अर्धे मिनिट लागते. मात्र ते पाहायचे असते, हे कोणीतरी त्याला सांगितलेले असावे लागते.

अल्पदृष्टीच्या मुलाला ‘हे इथून तिथे नेले’ असे म्हणून गणित कळत नाही. फळ्यावर लिहिताना प्रत्येक पद मोठ्याने उच्चारावे. पायऱ्यांच्या कडांना रंगाचा ठळक पट्टा मारावा. रंगाचा एक लहान डबा पुरतो. पूर्ण अंध मूल वर्गात असेल, तर टेबल-बाकांची जागा त्याला न सांगता बदलू नये, आणि हे झाडलोट करणाऱ्या सेवकाला ठाऊक असावे. भूमितीच्या आकृतीसाठी पुठ्ठ्यावर चिकटविलेली सुतळी पुष्कळ काम करते.

अध्ययन अक्षमतेचे मूल ओळखणे सर्वांत कठीण, कारण पाहून काहीच कळत नाही. तोंडी विचारा, सारे सांगतो. वही उघडा, तर ‘घ’च्या जागी ‘ध’, ‘भ’च्या जागी ‘म’, वेलांट्या उलट्या, आणि जोडाक्षर आले की लेखणी थांबलेली. अशा मुलाला प्रकटवाचनासाठी सर्वांसमोर उभे करणे ही शिक्षा आहे, आणि ती आपण रोज देतो. त्याची चाचणी तोंडी घ्यावी, त्याच्यापुरते श्रुतलेखनाचे शब्द कमी करावेत, आणि पालकांना बोलावून तपासणीचा मार्ग सांगावा. तपासणी तज्ज्ञ करतील. संशय मात्र शिक्षकालाच यावा लागतो.

स्वमग्न मुलाला घंटेचा कर्कश आवाज सोसत नाही, ऐनवेळी बदललेले वेळापत्रक सोसत नाही, आणि ‘डोके खाऊ नकोस’ या वाक्याचा तो शब्दशः अर्थ घेऊ शकतो. दिवसाचा क्रम चित्रांनी दाखविणारी पट्टी त्याच्या बाकावर लावली आणि बदल आदल्या दिवशी सांगितला, तर पुष्कळ कल्लोळ टळतात. मेंदूच्या पक्षाघाताने ज्याचे बोलणे अडखळते, त्याच्या बाबतीत केवळ थांबण्याची कला शिकायची आहे. प्रश्न विचारून दहा सेकंद स्वस्थ उभे राहून पाहा. शिक्षकांना हे फार जड जाते, असा माझा अनुभव आहे. त्याचे वाक्य आपण पूर्ण करून टाकतो, आणि तो मनात जुळविलेले उत्तर गिळून खाली बसतो.

आता सेवक-सेविकांकडे वळते. मुलाला फिट आली की आजही कोणीतरी कांदा आणावयास धावतो, कोणी चप्पल हुंगवितो, कोणी दातांत चमचा घालतो. यांतील एकही गोष्ट करू नये. मुलाला कुशीवर वळवावे, डोक्याखाली मऊ घडी ठेवावी, भोवतालचे बाक बाजूला करावेत, त्याचे हातपाय दाबून धरू नयेत आणि घड्याळ पाहावे. पाच मिनिटांत फिट थांबली नाही, तर रुग्णालय गाठावे. शिकायला पंधरा मिनिटे लागतात, आणि त्या पंधरा मिनिटांवर एखाद्या मुलाचे प्राण अवलंबून असू शकतात. खुर्चीवरून उचलताना मुलाला आधी विचारावे. मोठ्या मुलीची सेविकेने मदत करताना दार लावून घ्यावे. तिलाही लाज आहे.

उतरत्या मार्गाविषयी एक हिशेब सांगते. एक इंच उंचीला बारा इंच लांबी, असे त्याचे प्रमाण आहे. सहा इंचांच्या तीन पायऱ्या असतील, तर अठरा फुटांचा उतार हवा. आपल्याकडे तो पाच-सहा फुटांत उरकलेला दिसतो. त्यावरून खुर्ची चढत नाही. शाळेची दुचाकी वाहने मात्र छान चढतात. आणि दिव्यांगांसाठी बांधलेल्या शौचालयाला कुलूप असते, आत खेळाचे साहित्य असते, किल्ली कोणाकडे आहे हे कोणालाच ठाऊक नसते. ती किल्ली शोधणे हाही प्रशिक्षणाचाच भाग आहे. लिपिक बंधूंनी लक्षात ठेवावे : लेखी परीक्षेत तासाला किमान वीस मिनिटे अधिक वेळ द्यावा, असे केंद्राच्या 2018 च्या मार्गदर्शक सूचनांनी सांगितले. मंडळाच्या परीक्षेत जादा वेळ वा लेखनिक हवा असेल, तर प्रमाणपत्र व अर्ज मुदतीत गेला पाहिजे. मुदत चुकली की त्या मुलाची दहा वर्षे एका कागदामुळे अडतात.

इतर पालकांचा आक्षेप येतो की, आमच्या मुलांचे नुकसान होईल. फळ्यावरचे मोठ्याने वाचणारा, एका वेळी एकच सूचना देणारा, उत्तरासाठी थांबणारा शिक्षक कोणत्या मुलाचे नुकसान करील? शेवटच्या बाकावरच्या निम्म्या मुलांना तोच हवा असतो. मात्र दुसऱ्या टोकालाही जाऊ नये. विशेष शाळा बंद कराव्यात, असे मी म्हणणार नाही. जन्मतः पूर्ण कर्णबधिर मुलाला प्रथम भाषा मिळाली पाहिजे, आणि ती त्याच्यासारख्या मुलांच्या सहवासात अधिक लवकर मिळू शकते. 2016 चा कायदाही शेजारची शाळा की विशेष शाळा, ही निवड मुलाकडे सोपवितो. निवड खरी ठरायची, तर शेजारच्या शाळेची सिद्धता असायला हवी.

हे कसे करावे?

एका दिवसाचे शिबिर, पुष्पगुच्छ, दोन व्याख्याने आणि चहा, एवढ्याने काही साध्य होत नाही. डोळ्यांवर पट्टी बांधून शिक्षकांना चालावयास लावण्याचा प्रयोगही अलीकडे लोकप्रिय आहे. मला तो फारसा पसंत नाही. पाच मिनिटांच्या अंधाराने भीती आणि दया उत्पन्न होते. अंध मुलगा तो कौशल्याने कसा ओलांडतो, हे त्यातून कळत नाही. त्यापेक्षा एखाद्या अंध शिक्षकालाच बोलवावे आणि त्याने घेतलेला तास पाहावा.

शाळा जूनच्या मध्याला उघडते. त्यापूर्वीचे दोन दिवस सर्व कर्मचाऱ्यांना एकत्र बसवावे. त्यानंतर दर शनिवारी शाळा सुटल्यावर अर्धा तास, एका वेळी एकाच मुलाचा विचार करावा. वर्गशिक्षकाने अडचण मांडावी, सेविकेने आपण पाहिलेले सांगावे, शारीरिक शिक्षणाच्या सरांनी मैदानावरचे सांगावे, आणि पुढील आठवड्यात काय करून पाहायचे ते वहीत लिहावे. ज्या मुलाविषयी चर्चा, त्याच्या आईला महिन्यातून एकदा या बैठकीस बोलवावे. तिच्याइतकी त्या मुलाची जाण कोणालाच नसते. समग्र शिक्षा अभियानाचे विशेष शिक्षक गट साधन केंद्रात भेटतात, त्यांना आमंत्रण द्यावे. प्राथमिक स्तरावर अशा दहा मुलांमागे एक आणि पुढील स्तरावर पंधरा मुलांमागे एक विशेष शिक्षक असावा, असे सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये सांगितले आहे. तशी मागणी संस्थेने लेखी करावी. मागणीच न करता शासनाच्या नावाने बोटे मोडण्यात अर्थ नाही.

आणि संस्थेच्या अध्यक्षांना व कार्यवाहांना एक नम्र विनंती. जूनमधील त्या दोन दिवसांच्या वर्गाला आपण दीपप्रज्वलन करून निघून जाऊ नये. सेवकांच्या शेजारी बसून फिट आलेल्या मुलाला कुशीवर कसे वळवायचे, ते आपणही शिकावे.