क्रीडामहोत्सवांचे पंचांग



लग्नाचा मुहूर्त टळला तर दुसरा काढता येतो. खेळाडूच्या उमेदीचा काळ टळला की टळलाच. म्हणून सामन्यांच्या तारखांचा विचार आम्हांला महत्त्वाचा वाटतो.

ऑलिंपिक सामने 1896 साली अथेन्सला नव्याने सुरू झाले, ते दर चार वर्षांनी भरविण्याच्या संकल्पाने. महायुद्धांनी 1916, 1940 आणि 1944 चे सामने गिळले. आपल्या दिल्लीचे पहिले आशियाई सामने 1950 ऐवजी मार्च 1951 मध्ये झाले. महामारीमुळे टोकियोचे 2020 चे सामने 2021 वर गेले.

या पंचांगाची खरी किंमत कळते ती कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांच्या हकीकतीवरून. 1948 मध्ये लंडनला ते सहावे आले. पुढची संधी चार वर्षांनी! तोवर त्यांनी तालीम सोडली नाही. वर्गणी जमवून 1952 मध्ये त्यांनी हेलसिंकी गाठले. तेथे जपानी आणि सोव्हिएत मल्लांशी त्यांच्या कुस्त्या लागोपाठ लावल्या गेल्या. मध्ये अर्धा तास विसावा द्यावा असा नियम होता. पण तो पुढे करायला आपला एकही अधिकारी तेथे नव्हता, असे सांगतात. खाशाबांनी कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. दुसरे यायला 1996 साल उजाडले.

चार वर्षे मल्लाने सांभाळली. अर्धा तास व्यवस्थेला सांभाळता आला नाही. उद्या आपल्या भिवंडीतून एखादे पोर निघाले, तर वर्गणीबरोबर नियम जाणणारा एक माणूसही त्याच्यासोबत धाडा, एवढेच आमचे मागणे आहे.