कामाची जागा दूर गेली तर : कामगाराचा हक्क आणि आपली तयारी

(माकणी येथे संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा संकलित मजकूर)



आजचा विषय तसा रुक्ष आहे. कारखाना, कार्यालय किंवा गोदाम मालकाने एका जागेवरून उचलून दुसऱ्या जागी नेले आणि त्यामुळे कामावर जाण्यायेण्याचा खर्च वाढला, तर काम करणाऱ्याचा हक्क काय? माकणी, सास्तूर, लोहारा, उमरगा या पट्ट्यातील कितीतरी मुले-मुली आज लातूर, सोलापूर, पुण्याच्या औद्योगिक वसाहतींत कामाला आहेत. येथे बसलेले विद्यार्थीही उद्या त्याच वाटेने जाणार. म्हणून हा विषय मी मुद्दाम निवडला.

अंतराची किंमत आपल्या भागाला नव्याने सांगण्याची गरज नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारी, सास्तूर आणि इतर अनेक गावे नव्या जागी वसली. घर पक्के मिळाले, पण शेत जुन्या शिवारातच राहिले. रोजची पायपीट वाढली. ती पायपीट कोणी मजुरीत धरली नाही. कारखाना हलतो तेव्हा नेमके हेच घडते. पगाराचा आकडा तोच राहतो, पण घरी येणारा पैसा कमी होतो.

आपण साधा हिशोब करू. समजा, जाण्यायेण्याला रोज ६० रुपये जास्त लागू लागले. महिन्याच्या २६ दिवसांचे १,५६० रुपये झाले. वाटेत रोज दीड तास जास्त गेला, तर महिन्याला ३९ तास होतात. आठ तासांचा एक दिवस धरला, तर जवळजवळ पाच दिवसांची मेहनत फुकट गेली. पगारपत्रकावर यातले काहीच दिसत नाही. म्हणूनच ही पगारकपात असूनही तिला कोणी पगारकपात म्हणत नाही.

मुंबईचा दाखला घेऊ. दक्षिण मुंबईतील घाऊक बाजार सरकारने टप्प्याटप्प्याने नव्या मुंबईत वाशी-तुर्भे येथे हलविले. कांदा-बटाटा बाजार आधी गेला, पुढे मसाला, धान्य, फळे आणि भाजीपाला गेला. हे काम १९९० च्या दशकापर्यंत चालले. शहरातील गर्दी कमी करणे हा हेतू होता. पण बाजार म्हणजे केवळ व्यापारी आणि माल नव्हे. मसजिद बंदर परिसरात पाठीवर पोती वाहणारा माथाडी कामगार तेथेच आसपास, दाटीवाटीच्या खोल्यांत राहत होता. त्याचे काम खाडीपलीकडे गेले. वाशीपर्यंत लोकल गाडी पोहोचली ती १९९२ साली.

या कामगारांजवळ एक मोठी गोष्ट होती, ती म्हणजे संघटना. अण्णासाहेब पाटील यांनी उभारलेल्या चळवळीमुळे १९६९ साली महाराष्ट्रात माथाडी कायदा झाला होता आणि त्याखाली मंडळे स्थापन झाली होती. त्यामुळे बाजार हलला तरी माथाडीची नोंद, मजुरी आणि भविष्य निर्वाह निधी मंडळाकडे कायम राहिला. पुढे कोपरखैरणे, घणसोली या भागांत माथाडींसाठी घरेही झाली. सर्वांनाच मिळाली असे नाही. पण 'काम हलविता, तर घराचे काय?' हा प्रश्न सरकारपुढे मांडता आला, तो संघटना होती म्हणून. ज्यांची कोठेच नोंद नव्हती, त्यांच्यासाठी हा प्रश्न विचारणारेच कोणी नव्हते.

आता कायद्याकडे वळू. प्रथम कडू गोष्ट सांगतो. कामाची जागा बदलली की मालकाने वाढीव भाडे दिलेच पाहिजे, असे सरळ वाक्य आपल्या कामगार कायद्यात नाही. कोणी तसे सांगत असेल, तर तो तुमची दिशाभूल करतो आहे. कायद्याने कामगाराला वेगळी गोष्ट दिली आहे. सेवेच्या काही ठराविक अटी मालकाला गुपचूप बदलता येत नाहीत. आधी सांगावे लागते आणि कामगाराला आपले म्हणणे मांडण्याची संधी मिळते. ही संधी जो वापरतो त्याच्या पदरात काही पडते.

सेवेच्या अटी लिखित असाव्यात, या विचारामागे बाबासाहेबांच्या काळाचा इतिहास आहे. जुलै १९४२ ते जून १९४६ या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. त्याच काळात, एप्रिल १९४६ मध्ये, स्थायी आदेशांचा कायदा झाला. मोठ्या कारखान्याच्या मालकाने पाळी, रजा, शिक्षा, कामावरून कमी करणे यांचे नियम लिहून काढावेत आणि ते मंजूर करून घ्यावेत, असे त्यात ठरले. तोवर मालकाचा शब्द हाच नियम होता.

पुढे १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात कलम ९-अ आले. वेतन, भत्ते, कामाचे तास, पाळ्या, रूढ सवलती यांत बदल करायचा तर मालकाने २१ दिवस आधी नोटीस दिली पाहिजे, असे ते कलम होते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या आणि हे जुने कायदे गेले. पण २१ दिवसांच्या नोटिशीची तरतूद औद्योगिक संबंध संहितेच्या कलम ४० मध्ये कायम आहे. त्याच वेळी एक तोटाही झाला. स्थायी आदेशांचे बंधन आता ३०० किंवा त्याहून अधिक कामगार असलेल्या आस्थापनांपुरते उरले आहे. लहान कारखान्यातील कामगाराला यापुढे आपल्या नेमणूकपत्रावरच अधिक विसंबावे लागेल.

या कलमाचा उपयोग कसा करावा? ज्या बदलांसाठी नोटीस लागते त्यांच्या यादीत 'जागा बदलणे' असा शब्द नाही. परंतु जागा बदलताना इतर गोष्टी बदलतात. कंपनीची बस बंद होते. पाळीची वेळ बदलते. मिळत असलेला एखादा भत्ता जातो. या गोष्टी यादीत येतात. १९७५ साली सर्वोच्च न्यायालयाने इंडियन ऑइलच्या प्रकरणात निकाल दिला. आसाममधील कामगारांना मिळणारा भरपाई भत्ता कंपनीने नोटीस न देता बंद केला होता. तो भत्ता सेवेची अट झालेला होता, म्हणून नोटिशीशिवाय काढून घेता येत नाही, असे न्यायालयाने ठरविले. अनेक वर्षे चालत आलेली बस किंवा भत्ता ही मालकाची मेहेरबानी नव्हे, हे यातून समजून घ्यावे.

दुसरा प्रश्न बदलीचा. १९६० सालच्या कुंदन शुगर मिल्स प्रकरणात मालकांनी कामगारांच्या नेमणुकीनंतर दुसऱ्या गावी आणखी एक साखर कारखाना घेतला आणि काही कामगारांना तिकडे पाठविले. ते गेले नाहीत, म्हणून त्यांना काढले. नोकरीच्या करारात तशी अट नसताना नंतर सुरू झालेल्या दुसऱ्या कारखान्यात बदली करण्याचा मालकाला उपजत अधिकार नाही, असे सर्वोच्च न्यायालय म्हणाले. पण आजच्या नेमणूकपत्रांत 'कोठेही बदली होऊ शकेल' ही ओळ बहुतेक वेळा असतेच. ती सही करण्यापूर्वी वाचा. आणि संपूर्ण कारखानाच हलला, तर या निकालाचा आधार तेवढा थेट मिळत नाही, हेही ध्यानात ठेवा.

तिसरा प्रश्न सर्वांत नाजूक आहे. जागा इतकी दूर गेली की रोज जाणे शक्यच नाही, मग काय? अशा वेळी मालकाकडून एक कागद पुढे येतो आणि त्यावर लिहिलेले असते, 'मी स्वखुशीने राजीनामा देत आहे.' मित्रहो, तेथे सही करू नका. जुनी जागा खरोखर बंद होत असेल, तर ५० किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेला ६० दिवस आधी सरकारला कळवावे लागते. कारखान्यात ३०० किंवा अधिक कामगार असतील, तर सरकारची पूर्वपरवानगी लागते. वर्षभर सलग सेवा झालेल्या कामगाराला पूर्ण झालेल्या दर वर्षामागे १५ दिवसांच्या सरासरी वेतनाइतकी भरपाई देणे लागते. तुमचे प्रकरण बंदीत मोडते की बदलीत, हा वादाचा मुद्दा होऊ शकतो. पण राजीनामा दिला की तो वाद मांडण्याची वाट फार अवघड होते. रागाच्या भरात केलेली एक सही दहा वर्षांच्या नोकरीचा हिशोब बुडवू शकते.

आता आपल्याच जिल्ह्यातील एका खटल्याची हकिकत ऐका. एका साखर कारखान्याचा पहारेकरी २२ एप्रिल २००३ रोजी पहाटे तीनच्या पाळीसाठी मोटारसायकलवरून निघाला होता. कारखाना सुमारे पाच किलोमीटरवर असताना अपघात झाला आणि तो मरण पावला. उस्मानाबादच्या कामगार भरपाई आयुक्तांनी २००९ साली कुटुंबाला ३,२६,१४० रुपये आणि व्याज मंजूर केले. २०११ साली उच्च न्यायालयाने ते रद्द केले, कारण अपघात कारखान्यात झाला नव्हता. कुटुंब सर्वोच्च न्यायालयात गेले. २९ जुलै २०२५ रोजी निकाल लागला. कामावर जाताना किंवा कामावरून येताना झालेला अपघात, वेळ, जागा आणि परिस्थिती यांचा नोकरीशी संबंध दिसत असेल, तर नोकरीतलाच अपघात मानावा, असे न्यायालयाने ठरविले आणि भरपाई पुन्हा मंजूर केली. नव्या सामाजिक सुरक्षा संहितेतही तशी तरतूद आहे.

या कुटुंबाला २२ वर्षे लागली. पण त्यांनी एक गोष्ट सर्वांसाठी मिळविली. घर ते काम ही वाट कायद्याच्या दृष्टीनेही कामापासून तुटलेली नाही. मालक कामाची जागा दूर नेतो तेव्हा वाटेतला धोकाही वाढवितो. वाहतुकीची सोय मागताना हा मुद्दा पुढे ठेवा. विशेषतः भगिनींनी. संध्याकाळी ७ नंतर आणि सकाळी ६ पूर्वी काम करायला स्त्रीची संमती आणि सुरक्षिततेची व्यवस्था नव्या कायद्याने आवश्यक ठरविली आहे. अंतर वाढले की पहिली नोकरी सुटते ती बाईची, हे आपण आपल्या घरांत पाहतो.

मग करायचे काय? पाच गोष्टी सांगतो.

एक, नेमणूकपत्र मागून घ्या. दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेत ते देणे आता बंधनकारक आहे. ठेकेदाराकडे असाल तरी मागा.

दोन, पगारपत्रके आणि बसचे पास जपून ठेवा. 'खर्च वाढला' हे तोंडाने सांगण्यापेक्षा तीन महिन्यांची तिकिटे जास्त बोलतात.

तीन, जागा हलणार असे कळताच लेखी अर्ज द्या. त्यात बस, भत्ता, पाळीच्या वेळेत सवलत, किंवा घर बदलण्यासाठी एकरकमी मदत मागा. अर्जाची पोच घ्या.

चार, एकट्याने जाऊ नका. २० किंवा अधिक कामगार असतील, तर तक्रार निवारण समिती असलीच पाहिजे. तेथे दाद मागा. तेथे भागले नाही, तर संघटनेमार्फत सरकारी कामगार अधिकाऱ्याकडे समेटासाठी जा.

पाच, वाद चालू असताना, जमेल तोवर, नव्या जागी हजर राहा आणि हरकत लेखी नोंदवा. गैरहजेरीचे निमित्त मालकाच्या हाती देऊ नका.

शेवटी संस्थेला एक विनंती. आपण वह्या-पुस्तके वाटतो, गुणवंतांचा सत्कार करतो, हे चांगलेच आहे. त्याबरोबर महिन्यातून एक रविवार ठेवा. गावी आलेल्या मुलांनी त्या दिवशी आपली नेमणूकपत्रे आणि नोटिसा घेऊन यावे आणि शिकलेल्यांनी ती वाचून दाखवावीत, अर्ज लिहून द्यावेत. २१ दिवसांची नोटीस म्हणजे २१ दिवसांची मुदत. ती वाचणाराच कोणी भेटला नाही, तर कायद्याने दिलेला हक्क खिशातल्या खिशात संपून जातो. बाबासाहेबांनी शिकायला सांगितले, त्यात हे कागद वाचणेही आले.