शेऱ्यातला 'परंतु'



नोकरीला लागून सहा वर्षं झाली होती. एका दुपारी शिपायाने टेबलावर सीलबंद लिफाफा ठेवला आणि वहीत पोच म्हणून माझी सही घेतली. आत एक टंकलिखित कागद होता. माझ्या गोपनीय अहवालातला प्रतिकूल शेरा मला कळवण्यात येत होता. शेरा असा होता : 'कामात चोख, परंतु महत्त्वाकांक्षी.'

तो मी चार वेळा वाचला. आपलं नेमकं चुकलं काय, ते काही केल्या उमगेना. पुढे माझी बदली आस्थापना शाखेत झाली. बढतीच्या निवडसूचीचे कागद टेबलावरून जाऊ लागले. त्यात माझ्याच बरोबरीने लागलेल्या एका गृहस्थांचा शेरा दिसला : 'कामात चोख आणि महत्त्वाकांक्षी.' साहेब तेच. त्यांच्या वाट्याला 'आणि' आला होता, माझ्या वाट्याला 'परंतु'. आज मी बोलणार आहे ते या 'परंतु'विषयी.

कार्यालयात आपल्याला दोन गोष्टींचा त्रास होतो आणि आपण दोन्हींना एकच नाव देतो. म्हणतो, "आमच्याकडे फार राजकारण आहे हो." राजकारण असतंच. साहेबांच्या केबिनमध्ये चहाला कोण बसतं, तुम्ही रजेवर असताना तुमची फाइल कोणाकडे जाते, टिपणी तुम्ही लिहिता आणि कौतुक कोणाचं होतं, हे सगळं राजकारण. पण साहेब बदलला की ते बदलतं. कालचा मर्जीतला माणूस आज रेकॉर्ड रूममध्ये धूळ झटकताना दिसतो. भेदभावाचं तसं नाही. साहेब येतात, जातात, भेदभाव जागचा हलत नाही. तीन साहेब बदलून पाहिले आणि तरीही आपल्या नावापुढचा 'परंतु' गेला नाही, तर समजावं की हे कुणा एकाच्या मर्जीचं प्रकरण नाही. आणि मग उपायही वेगळा लागतो. राजकारणाला कामाने पुरून उरता येतं. भेदभाव मात्र कागदावर आणावा लागतो.

आधी कामाची गोष्ट. कमला सोहोनी हे नाव तुम्ही ऐकलं असेल. दुर्गाबाई भागवतांच्या या भगिनी, माहेरच्या कमला भागवत. मुंबई विद्यापीठाची पदवी घेऊन 1933 साली त्या बंगळुरूच्या विज्ञान संस्थेत संशोधनासाठी गेल्या. संचालक होते सर सी. व्ही. रामन, नोबेल मिळालेले. त्यांनी प्रवेश नाकारला. कारण एकच, अर्जदार मुलगी होती. कमलाबाई हटून बसल्या. अखेर प्रवेश मिळाला तो अटींवर : पहिलं वर्ष नियमित विद्यार्थिनी म्हणून धरलं जाणार नाही, काम समाधानकारक वाटलं तरच पुढचं बोलू. सोबतच्या मुलांना अशी अट नव्हती. कमलाबाईंनी ती मान्य केली, वर्षभर काम केलं आणि त्या कामानेच संचालकांचं मत फिरवलं. पुढे संस्थेत मुलींना प्रवेश मिळू लागला. केंब्रिजला जाऊन वनस्पतींच्या पेशींमधल्या सायटोक्रोम-सी या प्रथिनावर त्यांनी प्रबंध लिहिला, तो जेमतेम चाळीस पानांचा. 1939 मध्ये डॉक्टरेट घेऊन त्या परतल्या.

इथपर्यंतची गोष्ट आपण शाळेतल्या मुलींना सांगतो. पुढची सांगत नाही. मुंबईच्या विज्ञान संस्थेत त्या जीवरसायनशास्त्राच्या प्राध्यापक झाल्या, आणि तिथे संचालकपद त्यांच्यापर्यंत यायला बराच काळ लागला. त्या काळात त्यांची प्रयोगशाळा बंद पडली नाही. विद्यार्थ्यांना हाताशी धरून नीरा, डाळी-कडधान्यं, गरिबाच्या ताटातलं अन्न यांवर त्यांचं काम चालू राहिलं. नीरेवरच्या कामाला राष्ट्रपतींचा पुरस्कार मिळाला. आणि हेही सांगायला हवं, की बंगळुरूचा तो अपमान त्या विसरल्या नव्हत्या. म्हातारपणी जाहीर सभेत त्यांनी तो बोलून दाखवला. सोसलं म्हणजे विसरलंच पाहिजे, असा काही नियम नाही.

आता कागदाची गोष्ट. सी. बी. मुथम्मा 1949 साली परराष्ट्र सेवेत दाखल झाल्या. त्या सेवेतली ही पहिली स्त्री. मुलाखत मंडळानेच त्यांना या सेवेत येऊ नका म्हणून सुचवलं होतं. रुजू होताना लिहून द्यावं लागलं, की लग्न केलं तर राजीनामा द्यावा लागेल. नियमच तसा होता : स्त्री अधिकाऱ्याने लग्नासाठी सरकारची लेखी परवानगी घ्यायची, आणि लग्नानंतर तिची घरची जबाबदारी कामाच्या आड येते असं सरकारला वाटलं, तर तिला राजीनामा द्यायला सांगता येईल. पुरुष अधिकाऱ्याच्या घराला जबाबदारी नसावी बहुधा. मुथम्मा हंगेरीत राजदूत झाल्या, तरी वरच्या श्रेणीतली बढती नाकारली गेली. तीस वर्षांच्या नोकरीनंतर त्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या. खटला चालू असतानाच सरकारने घाईघाईने बढती देऊन टाकली. त्यामुळे 1979 मध्ये न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी अर्ज निकाली काढला, पण त्या नियमांवर असे कोरडे ओढले की आजही विधी महाविद्यालयांत तो निकाल शिकवतात. सेवाज्येष्ठतेचा फेरविचार करा, असंही सरकारला बजावलं.

मी काही मुथम्मा नव्हे. पण आमच्या कार्यालयात एक वयस्कर मुख्य लिपिक होते. माझी बढती डावलली गेली तेव्हा मी तीन पानी अर्ज लिहून त्यांना दाखवला. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, "बाई, अर्जात रडू नका. अर्जात तारखा घाला." मग लाल पेन्सिल घेऊन बसले. 'अत्यंत खेदाने' गेलं. 'जाणूनबुजून' गेलं. 'माझ्यासारख्या प्रामाणिक' तर पहिल्या फटक्यात गेलं. उरलं दीड पान : ज्येष्ठतायादीतला क्रमांक, निवड समितीच्या बैठकीची तारीख, मला न कळवलेले बाकीचे शेरे, लागू असलेला नियम. "आता जावक क्रमांक टाका, पोच घ्या आणि प्रत घरी ठेवा," ते म्हणाले.

त्या दिवसापासून मी दोनशे पानी वही ठेवू लागले. कुठली फाइल कधी आली, कोणी तोंडी काय सांगितलं, मी काय लिहून दिलं, रोज चार ओळी. माझ्या अर्जाला दीड वर्षाने उत्तर आलं. बढती मिळाली, मानीव दिनांक मिळाला, थकबाकी मात्र मिळाली नाही. म्हणजे कागदोपत्री मी वेळेवर वर चढले, पगारात उशिरा. पूर्ण न्याय झाला, असं मी म्हणणार नाही. पण माझ्यानंतरच्या तिघींचे शेरे कळवायला कार्यालय विसरलं नाही.

हे शेरे कळवणं किती मोलाचं आहे, ते देव दत्त यांच्या खटल्यात दिसलं. सीमेवरच्या रस्त्यांचं काम पाहणाऱ्या सेवेतले हे अभियंता. बढतीसाठी 'अतिशय चांगला' शेरा लागत होता. एका वर्षी नुसता 'चांगला' पडला. 'चांगला' म्हणजे काही प्रतिकूल नव्हे, म्हणून त्यांना तो कळवलाच नाही, आणि त्याच 'चांगल्या'ने बढती हुकली. 2008 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की बरा-वाईट प्रत्येक शेरा कर्मचाऱ्याला कळवला पाहिजे. पुढच्याच वर्षी केंद्र सरकारने पूर्ण अहवाल दाखवण्याचा आदेश काढला. तेव्हा श्रोतेहो, आपला अहवाल मागून घ्या, वाचा, मुदतीत उत्तर द्या. यात भांडकुदळपणा कसला?

पण काही ठिकाणी वही आणि अर्ज, दोन्ही कमी पडतात. परदेशी विद्यापीठात शिकून आलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1917 साली बडोद्याच्या नोकरीत रुजू झाले. कचेरीतले शिपाई विटाळ नको म्हणून लांबून फायली टाकत. गावात राहायला घर मिळेना. पारशी धर्मशाळेत नाव लपवून काढलेले दिवस अकराव्या दिवशी लाठ्या घेऊन आलेल्या जमावाने संपवले. त्यांनी बडोदं सोडलं. 1918 मध्ये मुंबईत सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापक झाले, पैसे साठवले, 1920 मध्ये पुन्हा लंडनला गेले आणि राहिलेलं शिक्षण पुरं केलं. जागा सोडली म्हणजे हार मानली, असं ज्याला वाटतं त्याने हा हिशेब मांडून पाहावा. महत्त्वाकांक्षा खुर्चीला बांधलेली नसली, की ती आपल्याबरोबर गाडीत बसते.

शेवटी माझी स्वतःची एक चूक सांगते. निवृत्तीला चार वर्षं राहिली असताना अहवाल लिहिण्याची पाळी माझ्यावर आली. हाताखाली मराठवाड्यातल्या एका वस्तीतून, वसतिगृहात राहून शिकलेला एक तरुण होता. काम स्वच्छ, वेळेत. मी लिहिलं : 'कामसू व हुशार, परंतु बोलण्यात अदब कमी.' सही करायला पेन टेकवलं आणि तो शब्द दिसला.

हा मुलगा कधी, कोणाला, काय वावगं बोलला? मी आठवू लागले. एकही प्रसंग आठवेना. तो आपल्या गावच्या बोलीत बोलायचा आणि दर वाक्याला 'मॅडम' म्हणत नसे, एवढंच. ज्या शब्दाने मला मागे ठेवलं होतं, तोच माझ्या पेनातून किती सहज उतरला होता. साहेबांनीही तो असाच सहज लिहिला असेल. कदाचित संध्याकाळी घरी जाऊन विसरलेही असतील.

कोरा नमुना मागवला. पहिले तीन शब्द तेच ठेवले. पुढे लिहिलं, 'आणि मोठ्या जबाबदारीस पात्र.' खाली तारीख घालून सही केली.