व्हीएलसी, ॲपल आणि दोनशे सह्या



एखादी व्हिडिओ फाइल कॉम्प्युटरवर उघडत नसली की शेजारचा हमखास सांगतो, ‘व्हीएलसी टाक, चालेल.’ केशरी-पांढऱ्या शंकूचं चिन्ह असलेला हा प्लेअर एका मोठ्या वादातून गेलेला आहे. आज तो वाद आपल्यापुढे मांडणार आहे.

पॅरिसच्या एकोल सांत्राल या अभियांत्रिकी महाविद्यालयात १९९६ साली विद्यार्थ्यांनी या कामाला सुरुवात केली. २००१ साली ते जीपीएल नावाच्या परवान्याखाली सर्वांना खुलं झालं. मग देशोदेशीच्या माणसांनी त्यात भर घातली. कोणी ध्वनीचा भाग लिहिला, कोणी उपशीर्षकांचा, कोणी चार ओळींची दुरुस्ती पाठवली.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. जीपीएलखाली प्रोग्राम देणारा माणूस आपला कॉपीराइट सोडत नाही. आपल्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यातही संगणकाचा प्रोग्राम साहित्यकृतीतच मोडतो, आणि जीपीएल उभा आहे तो कॉपीराइटच्याच बळावर. लेखक म्हणतो, हा प्रोग्राम वापरा, उघडून पाहा, बदला, वाटा, विकलात तरी चालेल. मात्र पुढच्याला देताना मूळ कोडही द्या, आणि मी तुम्हाला दिलेल्या हक्कांवर तुमच्या पदरच्या नव्या अटी लादू नका. यातली नव्या अटी न लादण्याची गोष्ट जीपीएलच्या दुसऱ्या आवृत्तीचं सहावं कलम सांगतं.

२०१०च्या सप्टेंबरमध्ये ॲप्लिडियम या फ्रेंच कंपनीने व्हीएलसी आयपॅडवर आणला आणि पुढच्याच महिन्यात आयफोनवर. ॲप फुकट होतं. पण ते लोकांपर्यंत जायचं एकाच दारातून, ॲपलच्या ॲप स्टोअरमधून, आणि त्या दाराला ॲपलच्या अटी होत्या. उतरवून घेतलेलं ॲप ठरावीक पाचच उपकरणांवर वापरायचं, आणि त्यावर ॲपलचं डिजिटल कुलूप. लेखकाने हवं तितक्यांना वाटा म्हणून दिलेली वस्तू वाटेत पाचांपुरती झाली.

व्हीएलसीच्या प्रमुख लेखकांपैकी रेमी दनी-कूर्मों यांनी यावर बोट ठेवलं आणि ऑक्टोबरच्या अखेरीस ॲपलकडे कॉपीराइटभंगाची तक्रार केली. जानेवारी २०११मध्ये ॲपलने ॲप काढून टाकलं. लोक संतापले, आणि संताप निघाला तक्रारदारावर. ते तेव्हा ॲपलच्या स्पर्धक नोकियात नोकरीला होते, म्हणून त्यांच्या हेतूवरही शंका घेतली गेली. मला हे अन्यायाचं वाटतं. स्वतः लिहिलेल्या ओळी कोणत्या अटींवर वाटल्या जाव्यात हे सांगण्याचा त्यांना पूर्ण अधिकार होता. शिवाय अट बदलणं ॲपलच्या हाती होतं. त्या कंपनीने ॲप हटवण्याचा सोपा मार्ग पत्करला, आणि बोल मात्र लावला गेला स्वतःचं काम विनामूल्य देणाऱ्याला.

पुढे जे घडलं ते मला सगळ्यात मोलाचं वाटतं. व्हिडिओलॅन या संस्थेचे जाँ-बाप्तिस्त केंप यांनी परवानाच बदलण्याचं काम अंगावर घेतलं. व्हीएलसीच्या आतलं इंजिन, ज्याला लिबव्हीएलसी म्हणतात, ते एलजीपीएल या सैल परवान्याखाली आणायचं ठरलं. पण प्रत्येक ओळीचा मालक वेगळा. बहुमत घेऊन भागणार नव्हतं, संमती ज्याची त्यानेच द्यायला हवी होती. कुठली ओळ कोणाची हे जुन्या नोंदींमधून शोधायचं, पूर्वीच्या विद्यार्थ्याचा आजचा ईमेल मिळवायचा, ‘तुमची हरकत नाही ना?’ असं विचारून लेखी होकार घ्यायचा. असे दोनशेहून अधिक जण होते. इंजिनाचा गाभा २०११मध्ये झाला, बहुतेक उरलेले भाग २०१२मध्ये. काही भाग जुन्याच परवान्याखाली राहिले.

जुलै २०१३मध्ये व्हीएलसी आयफोनवर परतला, फुकटच आणि मूळ कोडसकट. त्या ॲपच्या कोडला जीपीएलच्या जोडीने मोझिलाचा परवानाही दिलेला होता.

याची किंमतही मोजावी लागली. एलजीपीएलमुळे आता एखादी कंपनी ते इंजिन आपल्या बंदिस्त ॲपमध्ये घालू शकते. इंजिनात केलेले बदल तिने खुले करायचे, बाकीचं ॲप मात्र झाकून ठेवता येतं. हे मला खटकतं. ज्यांनी जीपीएल निवडला होता, त्यांना झाकलेलं काही नकोच होतं. तरीही आयफोन वापरणाऱ्या माणसाच्या हाती खुला प्लेअर पोचणं मला अधिक गरजेचं वाटतं, आणि हा निर्णय ज्यांच्या ओळी होत्या त्यांना विचारून झाला, म्हणून मी तो मानतो.

कॉलेजातला प्रकल्प आज इंटरनेटवर खुला करणाऱ्या मुलामुलींना एवढंच सांगेन. परवान्याची फाइल पहिल्याच दिवशी जोडा. ती नसेल, तर कोड सगळ्यांना दिसतो, पण तो वापरायची कायदेशीर मुभा कोणालाच मिळत नाही. ॲप स्टोअरमध्ये जायचा विचार असेल, तर तिथल्या अटी आधी वाचा. आणि दुसऱ्याची पहिली दुरुस्ती स्वीकारण्याआधी ती कोणत्या परवान्याखाली घेताय हे त्याच्याकडून लिहून घ्या. तेव्हा तो एकटाच असतो, आणि त्याचा पत्ताही तुमच्याकडे असतो.