"आमच्याकडे नाही" : अटकेतला माणूस शोधताना

(या भागाचा लिखित मजकूर. अडखळणं आणि तेच तेच परत बोलणं तेवढं काढलंय, बाकी बोललो तसं ठेवलंय.)

आजचा विषय मी स्वतः निवडलेला नाही, तो रात्री साडेअकराला फोनवर आला. गेल्या वर्षीची गोष्ट. आत्याचा फोन. "अरे, पोरगा अजून घरी आला नाही. फोन बंद लागतोय. गॅरेजशेजारचा चहावाला म्हणतोय की संध्याकाळी गाडीतून कुणीतरी नेलं. पोलीस होते म्हणे, पण साध्या कपड्यात."

आत्येभाऊ पुण्यात गॅरेजमध्ये काम करतो. माझ्याहून तीन वर्षांनी लहान. आत्याला वाटलं, हा कॉम्प्युटरवाला आहे, हा शोधून काढेल. मलाही तसंच वाटलं, ते जास्त वाईट. मी लॅपटॉप उघडला.

सांगतो काय केलं ते. महाराष्ट्र पोलिसांच्या नागरिक पोर्टलवर अटक आरोपींची यादी बघायची सोय आहे. जिल्हा निवडा, पोलीस ठाणं निवडा, तारीख टाका. नाव नाही. स्पेलिंग बदलून बघितलं, आडनाव आधी टाकलं. नाही. मग एफआयआर शोधले. सुप्रीम कोर्टाने २०१६ मध्ये सांगितलंय की संवेदनशील गुन्हे सोडून बाकी एफआयआर २४ तासांत वेबसाइटवर टाकायचे. त्यातही नाही. मग ई-कोर्ट्स. तिथेही नाही. आणि मी आत्याला फोन करून चक्क सांगितलं, "आत्या, काळजी करू नको, अटक वगैरे झालेली दिसत नाहीये."

ऑफिसात मी दिवसभर डेटाबेसचं काम करतो. रेकॉर्ड सापडलं नाही म्हणजे ती गोष्ट घडली नाही असं समजू नको, हे मी नवीन पोरांना शिकवतो. आणि त्या रात्री मी नेमकं तेच केलं. ऑनलाइन यादीत नाव कधी येणार? अटक कागदावर दाखवली जाईल, मग कुणीतरी ती सिस्टीममध्ये भरेल, त्यानंतर. माणूस गाडीत बसला आणि अटकेची नोंद झाली यांच्यामध्ये काही तास असतात. त्या तासांत तो कुठल्याच यादीत नसतो. आणि घरच्यांचा जीव टांगणीला लागतो तो नेमका याच तासांत.

आत्या पलीकडून एवढंच म्हणाली, "मग ससूनला बघून येऊ का?" तेव्हा मी लॅपटॉप बंद केला आणि गाडी काढली.

जवळच्या पोलीस ठाण्यात गेलो. कुठलं ते सांगत नाही. ठाणे अंमलदार रजिस्टरमधून मान वर न करता म्हणाले, "आमच्याकडे नाही." मी म्हणालो, "साहेब, पोलिसांनीच नेलंय." "नेलं असेल. आमच्याकडे नाही." आत्या रडायला लागली. मला वाटलं खोटं बोलतायत. पण नंतर कळलं, ते खरंच बोलत होते. त्याला गुन्हे शाखेच्या एका युनिटने उचललं होतं. मोठ्या शहरात स्थानिक ठाणं असतं, गुन्हे शाखेची युनिटं असतात, रेल्वे पोलीस असतात, शेजारच्या जिल्ह्यातून किंवा दुसऱ्या राज्यातून आलेलं पथक असू शकतं. शिवाय प्रत्येक ठाण्यात लॉकअप असतंच असं नाही. एका ठाण्याचा आरोपी दुसऱ्याच ठाण्याच्या लॉकअपमध्ये असतो. त्यामुळे "आमच्याकडे नाही" या उत्तराला अर्थ फार थोडा. पुढचा प्रश्न विचारायचा असतो, "मग कुणाकडे आहे, ते कोण सांगेल?" आणि कायद्याने या प्रश्नाला उत्तर देणारा माणूस नेमलेला आहे. हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

ते सांगितलं एका ताईंनी. कॉलेजच्या मित्राची मोठी बहीण, फौजदारी वकिली करतात. रात्री एक वाजता उठवलं त्यांना. जरासुद्धा चिडल्या नाहीत. त्या जे बोलल्या ते मी फोनच्या नोट्समध्ये टाइप करत गेलो, म्हणून आज सांगू शकतोय. त्यात नंतर वाचलेलं थोडं जोडतो.

आधी जरा मागची गोष्ट. १९८६ साली पश्चिम बंगालमधल्या एका कायदेविषयक मदत संस्थेचे अध्यक्ष डी. के. बसू यांनी सरन्यायाधीशांना पत्र लिहिलं, कोठडीतल्या मृत्यूंबद्दल. त्या पत्रालाच कोर्टाने याचिका मानलं. निकाल आला डिसेंबर १९९६ मध्ये. त्यात अटक कशी करायची याचे अकरा नियम घालून दिले. अटकेचा मेमो करायचा, त्यावर तारीख आणि वेळ टाकायची, घरातल्या माणसाची किंवा परिसरातल्या प्रतिष्ठित माणसाची साक्षीदार म्हणून सही घ्यायची. घरच्यांना कळवायचं. नातेवाईक दुसऱ्या गावात असतील तर त्यांना ८ ते १२ तासांत तारेने कळवायचं. हो, तारेने! देशातली तारसेवा २०१३ मध्ये बंद झाली, पण निकालात तार अजून आहे. आणि आपल्या कामाची गोष्ट म्हणजे, अटक केल्यापासून १२ तासांत पोलीस नियंत्रण कक्षाला कळवायचं आणि तिथे ते फलकावर लावायचं.

यातलं बरंचसं पुढे कायद्यातच आलं. आता १ जुलै २०२४ पासून सीआरपीसीच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आहे. तिचं कलम ३७ म्हणतं, प्रत्येक पोलीस ठाण्यात आणि जिल्ह्यात एक अधिकारी नेमायचा. दर्जा कमीत कमी सहायक उपनिरीक्षकाचा, म्हणजे आपण ज्यांना सहायक फौजदार म्हणतो ते. अटक केलेल्यांची नावं, पत्ते, गुन्ह्याचं स्वरूप ही माहिती ठेवायची जबाबदारी त्यांची. ती ठाण्यात आणि जिल्हा मुख्यालयात ठळकपणे लावायची, डिजिटल पद्धतीनेसुद्धा. आणि कलम ४८ म्हणतं, अटक केलेला माणूस ज्याचं नाव सांगेल त्याला पोलिसांनी लगेच कळवायचं, कुणाला कळवलं त्याची नोंद ठाण्यातल्या वहीत करायची. ते झालंय का हे मॅजिस्ट्रेटने तपासायचं. म्हणजे तुम्ही ठाण्यात जाऊन विचारता तेव्हा उपकार मागत नसता. पण "माझा हक्क आहे" असं रात्री दीड वाजता ओरडून काही होत नाही, हेही खरं.

ताईंचा सल्ला वेगळा होता. त्या म्हणाल्या, "भांडू नकोस. कोरा कागद घे आणि अर्ज लिही. अमुक नावाचा मुलगा, वय एवढं, एवढ्या वाजता, या ठिकाणाहून, साध्या वेशातल्या लोकांनी पोलीस आहोत म्हणून नेला, गाडीचा रंग असा. तो कुठे आहे ते कळवा, आणि कळत नसेल तर बेपत्ता म्हणून नोंद घ्या. दोन प्रती कर. एकीवर पोच घे. त्याच वेळी ११२ ला फोन कर आणि वेळ लिहून ठेव."

मंडळी, त्या कागदाने जे केलं ते माझ्या लॅपटॉपने केलं नव्हतं. ठाणे अंमलदारांनी अर्ज दोनदा वाचला. पोच दिली की त्यांच्याकडे एक तक्रार उभी राहणार, आणि सकाळी तिचं उत्तर त्यांनाच द्यावं लागणार. त्यांनी फोन उचलला. एक, दोन, तीन ठिकाणी लावला. मग आत्याकडे बघून, आवाज बराच खाली आणून म्हणाले, "मावशी, पोरगं सुखरूप आहे. युनिटकडे आहे. चोरीच्या गाडीचं मॅटर आहे." त्या माणसाबद्दल माझ्या मनात राग नाही. शेवटी शोध त्यांनीच लावला.

पण एक राग अजून आहे. भावाला नेलं संध्याकाळी पाचच्या सुमारास. कागदावर अटकेची वेळ पहाटे तीनची. मधल्या दहा तासांना म्हणे "चौकशी". संविधानाचा अनुच्छेद २२ आणि संहितेचं कलम ५८ सांगतं की प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत मॅजिस्ट्रेटसमोर उभं करा. घड्याळ पाचला सुरू करायचं की तीनला? माणसाला जाऊ देत नाहीत तिथूनच वेळ मोजायचा, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या निकालांत आलेलं आहे. म्हणून किती वाजता नेलं, कुणी बघितलं, शेजारच्या दुकानाचा सीसीटीव्ही आहे का, हे पहिल्या तासात टिपून ठेवा. चहावाल्याने सांगितलेली वेळ आम्ही लिहून ठेवली होती, ती वकिलांना कोर्टात वापरता आली. पोलीस ठाण्यांत सीसीटीव्ही बसवायचे, असा सुप्रीम कोर्टाचा डिसेंबर २०२० चा आदेश आहे. ते चित्रीकरण जपून ठेवा असा अर्जही करता येतो, पण लवकर करावा लागतो.

ताई आणखी एक म्हणाल्या होत्या, "काहीच कळलं नाही तर सकाळी कोर्टात जाऊन बस. आणावंच लागतं." सुट्टीच्या दिवशीही रिमांडसाठी कोर्ट असतं. आम्ही शिवाजीनगर कोर्टात दहापासून बसलो. भाऊ दुपारी दिसला. त्याआधी त्याला वैद्यकीय तपासणीला नेलं होतं. अटकेनंतर ती करावीच लागते, म्हणून बरेच नातेवाईक आपला माणूस पहिल्यांदा सरकारी दवाखान्याच्या आवारात बघतात. वकील नसेल तर घाबरू नका. कोठडीतल्या माणसाला उत्पन्न किती हे न बघता मोफत वकील मिळतो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून. हेल्पलाइन १५१००.

इथून पुढे शब्द नीट ऐका, कारण माणूस कुठे शोधायचा ते शब्दावर ठरतं. कोर्टात कुणी "पीसीआर" म्हणालं तर पोलीस कोठडी, माणूस लॉकअपमध्ये. "एमसीआर" म्हणजे न्यायालयीन कोठडी, माणूस तुरुंगात. भावाला दोन दिवस पीसीआर, मग एमसीआर. पुण्यात म्हणजे येरवडा. आणि अठराच्या आतलं पोर असेल तर या दोन्ही ठिकाणी शोधू नका. त्याला लॉकअपमध्ये ठेवताच येत नाही. तिथे बाल न्याय मंडळाकडे विचारायचं.

एकदा तुरुंगात गेला की शोधणं उलट सोपं. तिथे रोज माणसं मोजतात, बंदी क्रमांक असतो, मुलाखतीची खिडकी असते. आधार कार्ड आणि नात्याचा पुरावा घेऊन गेलं की कळतं. ई-मुलाकात नावाच्या पोर्टलवर भेटीची नोंदणीही होते. फक्त ते शोधयंत्र समजू नका, माणूस कुठल्या तुरुंगात आहे ते तुम्हालाच आधी सांगावं लागतं. आणि नाव कोर्टाच्या कागदावर जसं आहे तसंच घाला. आमच्याकडे वडिलांच्या नावात एक अक्षर वेगळं होतं, त्यात एक फेरी फुकट गेली. आत्याने नेलेला डबाही परत आला. कँटीनसाठी मनीऑर्डर करा म्हणाले. सव्वीस वर्षांत मी पहिल्यांदा मनीऑर्डरचा फॉर्म भरला.

जामीन झाला. सेकंडहँड गाडी घेतली होती, ती चोरीची निघाली. केस चालू आहे, त्याबद्दल जास्त बोलत नाही.

याची उलटी बाजूही सांगतो, कारण हल्ली ती जास्त घरांत घडते. "तुमच्या मुलाला अटक झालीय, सोडवायचं तर एवढे पाठवा", असा फोन. मागे रडण्याचा आवाज. व्हिडिओ कॉलवर गणवेशातला माणूस. डिजिटल अटक नावाची गोष्ट कुठल्याच कायद्यात नाही. फोन ठेवा, मुलाला फोन लावा, तो लागला नाही तर कुठलं ठाणं म्हणाले त्या ठाण्याचा नंबर स्वतः शोधून लावा. पैसे गेले असतील तर लगेच १९३०.

राहिलं एक. भाऊ बाहेर आल्यावर मी त्याला विचारलं, "अरे, त्यांनी कुणाला कळवायचं ते विचारलं नाही का?" तो म्हणाला, "विचारलं की. फोन त्यांच्याकडे जमा होता. नंबर सांग म्हणाले. मला एकच पाठ होता, आपल्या जुन्या घरचा लँडलाइन." तो बंद होऊन सहा वर्षं झाली होती. वहीत मात्र नोंद असणार, नातेवाईकांना फोन केला, लागला नाही.

घरी गेल्यावर आत्याने त्याच्याकडून तीन नंबर पाठ करून घेतले, पाढ्यांसारखे. मलाही म्हणायला लावले. मी दुसऱ्याला अडकलो.

ऐकणाऱ्यांत वकील किंवा पोलीस खात्यातली मंडळी असतील आणि माझं कुठे चुकलं असेल तर नक्की कळवा, पुढच्या भागाच्या सुरुवातीला दुरुस्ती सांगेन. भेटू.